श्रावणातले गवत, कार्तिकातले कुसळ: एका कुत्र्याच्या आणि एका मांजरीच्या प्रकरणाची नोंद

डोंगरउतारावरचे कुसळी गवत कुत्र्यामांजरांनी खाल्ले तर चालते का, हा प्रश्न मला ऑगस्ट २०२२ मध्ये विचारण्यात आला. त्याला मी दिलेले उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाची किंमत एका कुत्र्याने पाच आठवडे लंगडत मोजली. पशुवैद्यकाच्या दैनंदिन कामात अशी प्रकरणे येतात आणि जातात. परंतु या प्रकरणात एकाच घरातील दोन प्राण्यांना एकाच गवताने दोन अगदी वेगळ्या प्रकारे त्रास दिला, आणि दोन्ही वेळा ‘हे गवत विषारी आहे का’ या प्रश्नाच्या उत्तराचा त्या त्रासाशी काहीही संबंध नव्हता, म्हणून ही नोंद तपशिलाने लिहीत आहे.

प्रश्न कुठून आला

सासवडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका कुटुंबाची तीन एकर जमीन, दोन गाई आणि राहते घर आहे. घराच्या मागे बांध, बांधापलीकडे गायरानाचा माळ. मुलगा आणि सून २०२१ मध्ये पुण्यातील फ्लॅट सोडून कायमचे गावी राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर बंड्या आला. हा कॉकर स्पॅनियल आणि गावठी यांच्या संकरातून झालेला, चार वर्षांचा, तेरा किलो वजनाचा कुत्रा. त्याच्या पायांना आणि कानांना लांब, मऊ केस आहेत. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. घरातील मांजर, चिंगी, तिथलीच, साधारण दोन वर्षांची.

श्रावणात माळ हिरवागार झाला आणि बंड्या रोज सकाळी बांधावर जाऊन गवताची पाने ओरबाडून खाऊ लागला. चिंगीही स्वयंपाकघरामागच्या ठोंबातली पाने कुरतडत असे आणि कधीकधी अंगणात ओकत असे. सुनेला यात फारसे वावगे वाटले नाही. काळजी होती ती सासऱ्यांना, आणि त्या काळजीला सबळ कारण होते. काही वर्षांपूर्वी त्यांची एक गाभण गाय ज्वारीच्या खोडव्यात, म्हणजे कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात, शिरली, कोवळे पोंगे खाल्ले आणि अर्ध्या तासात दावणीपर्यंत पोहोचण्याआधीच पडली. तेव्हापासून गवत म्हटले की त्यांच्या मनात पहिला प्रश्न विषाचाच येई. त्यांनी गवताची एक मूठ वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, गाईंना हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घालतोय. पण कुत्र्याच्या पोटाला चालतं का? त्या पोंग्यासारखं काही व्हायचं नाही ना?”

ऑगस्टमधला सल्ला

मुठीतली पाने पाहून गवत ओळखणे अवघड नव्हते. खोडाचा तळ चपटा, पाने तळाशी घडी पडल्यासारखी दुमडलेली आणि पानाच्या कडा बोटाला खरखरीत लागणाऱ्या. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू माळांवर, गायरानांत आणि डोंगरउतारांवर सर्वांत जास्त आढळणाऱ्या गवतांपैकी हे एक. शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. आपल्याकडे त्याला कुसळी गवत, किंवा नुसतेच कुसळी म्हणतात. तुरा येण्यापूर्वी गुरे ते आवडीने खातात.

सासऱ्यांच्या भीतीचे निरसन आधी करणे आवश्यक होते. ज्वारीच्या कोवळ्या रोपांत आणि खोडव्याच्या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि पान चावले गेले, चुरगळले किंवा पाण्याच्या ताणाने सुकले की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. हे आम्ल शरीरातील पेशींना रक्तातला प्राणवायू वापरू देत नाही. म्हणूनच अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते आणि तरीही ते गुदमरून मरते. गाईचे कोठीपोट म्हणजे जंतूंचे मोठे पिंपच असल्यामुळे हे आम्ल तिथे फार वेगाने तयार होते. कुत्रा आणि मांजर यांच्या पोटात ती व्यवस्था नाही, शिवाय ते गाईसारखे पेंढीच्या पेंढी खात नाहीत. ज्वारीचे पोंगे त्यांना खाऊ द्यावेत असे मी कोणालाही सांगणार नाही. पण गाईचे आणि कुत्र्याचे पोट एकाच मापाने मोजता येत नाही, एवढे त्यांना समजावले. मुख्य म्हणजे कुसळी गवतात ज्वारीसारखा हा धोका नाही.

कुत्रा गवत खातो म्हणजे त्याचे पोट बिघडले आहे, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,५७१ कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे तपासली होती. त्यातल्या ६८ टक्के मालकांनी सांगितले की त्यांचा कुत्रा रोज किंवा दर आठवड्याला गवत वा झाडपाला खातो. खाण्यापूर्वी तो अनेकदा आजारी दिसतो असे सांगणारे फक्त ८ टक्के होते, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकतो असे सांगणारे २२ टक्के. म्हणजे बहुतेक धडधाकट कुत्री गवत सहज, सवयीने खातात. मांजरांचेही तसेच आहे. हे मी सुनेला सांगितले आणि तिचा चेहरा उजळला.

यानंतर मी दोन प्रश्न विचारले. बांधावर तणनाशक किंवा शेजारच्या पिकावर कीटकनाशक फवारले आहे का? उत्तर नाही असे आले. गोचिडांसाठी औषध चालू आहे का? तेही चालू होते. गवतामुळे कुत्रा गंभीर आजारी पडतो तेव्हा पुष्कळदा कारण गवतावर बसलेले असते, गवतात नसते. फवारणीच्या विषाने लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे आणि अंग थरथरणे, किंवा गोचिडांमुळे होणारा ताप आणि पंडुरोग, हे मी दर पावसाळ्यात पाहतो. हे दोन्ही प्रश्न योग्यच होते. मग मी सांगितले, “चालतं. खाऊ द्या.”

तिसरा प्रश्न मी विचारला नाही. हा कुत्रा या माळावर कोणकोणत्या महिन्यांत फिरणार आहे, हे मला विचारायला हवे होते.

चिंगीची शिंक

पहिला त्रास मांजरीला झाला आणि तो पानामुळेच झाला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चिंगी अचानक शिंकू लागली. अचानक म्हणजे किती, हे सुनेने अचूक सांगितले: सकाळी सातला दूध प्यायली तेव्हा ठीक होती, आठ वाजता अंगणात ओकली आणि त्यानंतर एकामागून एक शिंका सुरू झाल्या. तीन दिवस ती घशात काही अडकल्यासारखी गिळत होती, मान लांब करून उचक्या देत होती, आणि तिसऱ्या दिवशी फक्त उजव्या नाकपुडीतून घट्ट स्राव येऊ लागला. सर्दीच्या विषाणूने दोन्ही नाकपुड्या वाहतात, डोळेही वाहतात, आणि आजार हळूहळू चढतो. एका क्षणी सुरू झालेली आणि एकाच नाकपुडीची शिंक ही बहुधा बाहेरून शिरलेल्या वस्तूची असते.

भूल देऊन तिला उताणे झोपवले, जबडा उघडला आणि टाळूचा मागचा मऊ भाग बोथट हूकने हलकेच पुढे ओढला. त्याच्या मागे, नाकाची पोकळी घशाला मिळते तिथे, एक हिरवी कड चमकली. चिमट्याने ओढताच सात सेंटिमीटर लांबीचे पाते अखंड बाहेर आले. तीन दिवस आत राहूनही ते हिरवे होते. कडेवरून बोट देठाकडून टोकाकडे फिरवले तर गुळगुळीत लागे, उलट फिरवले तर करवतीसारखे खरखरे. गवताच्या पात्याच्या कडेला सिलिकाचे सूक्ष्म दात असतात. मांजर पाते गिळते, ओकते, आणि ओकताना ते खालून वर टाळूच्या मागे फेकले जाते. तिथे गेल्यावर हे दात त्याला परत खाली सरकू देत नाहीत.

त्याच संध्याकाळी चिंगी घरी जाऊन जेवली. या घटनेने मला सावध करायला हवे होते. गवताचा अपाय त्याच्या रसायनात नसून आकारात असू शकतो, हे त्या पात्याने माझ्या हातात आणून दिले होते. मी ते मांजरीपुरते पाहिले आणि सुनेला ठोंब उपटायला सांगून प्रकरण संपवले.

बंड्याचा पंजा

त्या वर्षी परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोरात होता आणि माळावर गवत कमरेइतके वाढले. दिवाळीनंतर ऊन पडले, हिरवा माळ पिवळा झाला आणि मग तांबूस. १४ नोव्हेंबरला बंड्याला घेऊन मुलगा आला. उजव्या पुढच्या पंजावर, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या बेचकीत, हरभऱ्याएवढी लाल गाठ होती. तो ती सतत चाटत होता आणि पाय टेकवताना कचरत होता. केस कापून पाहिले, दाबून पाहिले. थोडा रक्तमिश्रित पू आला, आत काही दिसले नाही. बेचकीतल्या अशा गाठी केसांच्या मुळाशी होणाऱ्या संसर्गानेही येतात, आणि मी तेच गृहीत धरले. दहा दिवसांचे प्रतिजैविक, मिठाच्या कोमट पाण्यात पंजा बुडवणे आणि चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर असा उपचार दिला.

चौथ्या दिवशी सूज उतरली. दहाव्या दिवशी पंजा जवळजवळ पूर्ववत झाला. औषध बंद केल्यावर पाचव्या दिवशी गाठ पुन्हा आली, पण या वेळी दीड सेंटिमीटर वर, पंजाच्या पाठीवर. मी प्रतिजैविक बदलले आणि तीन आठवड्यांचे केले. सूज पुन्हा उतरली. आणि औषध चालू असतानाच १७ डिसेंबरला मनगटाच्या अलीकडे एक नवे छिद्र पडून त्यातून पातळ, गुलाबी स्राव वाहू लागला.

माझी खरी चूक इथे झाली. औषधाने ओसरणारी आणि औषध थांबताच परतणारी सूज, आणि प्रत्येक वेळी तिची जागा थोडी वर सरकलेली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आत काहीतरी परके आहे आणि ते चालते आहे, असेच समजायला हवे. प्रतिजैविक त्या वस्तूभोवतीचे जंतू मारते, पण वस्तू तिथेच राहते. दुसऱ्या भेटीतच मला थांबायला हवे होते. त्याऐवजी मी क्ष-किरण चित्र काढले, त्यात हाडे उत्तम दिसली, परकी वस्तू दिसली नाही, आणि त्या चित्रावर विसंबलो. वनस्पतीचा तुकडा क्ष-किरण चित्रात आजूबाजूच्या मांसापेक्षा वेगळा उठून दिसतच नाही. न दिसणे हा तिथे पुरावा नसतो, हे पुस्तकात वाचलेले असूनही मी मालकाला “आत काही नाही” असे सांगितले, याची मला आजही बोच आहे.

छिद्र पडल्यावर मात्र त्याला पुण्याला सोनोग्राफीसाठी पाठवले. उच्च वारंवारतेच्या प्रोबखाली, मऊ भागात, पुवाच्या काळसर थरात एक लांबुडकी, दोन्ही टोकांना निमुळती, उजळ रेघ दिसली. १९ डिसेंबरला भूल देऊन त्या नाडीव्रणाचा, म्हणजे छिद्रातून आत जाणाऱ्या पुवाच्या वाटेचा, मार्ग उघडला. आत मगर-जबड्याचा बारीक चिमटा घातला, दोनदा नुसते मऊ ऊतक हाती लागले, तिसऱ्यांदा काहीतरी कडक पकडले गेले. बाहेर आलेली वस्तू अकरा मिलिमीटर लांब होती: तपकिरी, कठीण, एका टोकाला सुईसारखी, आणि त्या टोकामागे तांबूस केसांचा दाट झुपका, सगळे केस मागच्या दिशेला वळलेले. बेचकीतल्या पहिल्या गाठीपासून ती चार सेंटिमीटर वर पोहोचली होती.

सासरे बाहेर बाकावर बसले होते. मी ती वस्तू कापसावर ठेवून त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “अहो, हे कुसळ आहे.”

कुसळ म्हणजे काय

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो, आणि या म्हणीमुळे कुसळ म्हणजे अगदी किरकोळ गोष्ट असे मनात बसून जाते. कुसळी गवताचे कुसळ किरकोळ नाही. गवताला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुरा येतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पिकते. प्रत्येक फलित दाण्याला खाली अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि वरच्या बाजूला पाच ते दहा सेंटिमीटर लांब, गडद तपकिरी, पिळदार शेपटी असते. पिकल्यावर या शेपट्या एकमेकींत गुंततात आणि तुऱ्याच्या टोकाला दोरीसारखा पीळ तयार होतो. चालणाऱ्याच्या धोतराला, मेंढीच्या लोकरीला किंवा कुत्र्याच्या पायाच्या केसांना हा पीळ लागला की एका वेळी दहा-वीस कुसळे चिकटतात.

ती शेपटी ओलावा ओळखते. दव पडले की तिचा पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा पीळ बसतो, आणि या सुटण्या-बसण्यात दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो. टोकावरचे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. मी सासऱ्यांनी आणलेले एक अखंड कुसळ पांढऱ्या कागदावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तेव्हा शेपटीचे वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे सावकाश फिरू लागले. सून ते पाहत बराच वेळ काही बोलली नाही.

गवताच्या दृष्टीने हे स्वतःला पेरण्याचे साधन आहे. कुत्र्याच्या कातडीला आणि जमिनीला ते सारखेच वागवते. शरीरात शिरताना शेपटी बहुतेक वेळा तुटून बाहेर राहते. पण पुढे सरकायला तिची गरजही उरत नाही. प्रत्येक पावलागणिक स्नायू हलतात, केस मागे जाण्याची वाट अडवतात, म्हणून दाणा फक्त पुढे जातो. कुत्र्याच्या शरीरात असा कोणताही पाचकरस नाही जो हे कठीण कवच विरघळवील. पंजात शिरलेले कुसळ निदान दिसणाऱ्या जागी त्रास देते. धावताना तोंड उघडे ठेवणाऱ्या कुत्र्याने श्वासाबरोबर कुसळ आत ओढले तर ते फुप्फुसातून पुढे सरकत छातीत पू करू शकते, आणि कधी कंबरेजवळ गळू होऊन बाहेर पडते. अमेरिकेच्या पश्चिम भागात रानटी सातूच्या जातीतील गवतांची कुसळे कुत्र्यांत नेमके हेच करतात, आणि तिथल्या पशुवैद्यकांच्या उन्हाळ्याचा मोठा भाग ती शोधण्यात जातो. आपल्याकडे हंगाम वेगळा, गवत वेगळे; यंत्रणा तीच.

मेंढपाळांना हे नवीन नाही. कार्तिकात मेंढ्यांच्या तोंडात, ओठांत आणि कातडीत कुसळे रुततात, हे धनगर वस्तीवरचे लहान मूलही सांगते, आणि त्या दिवसांत कळप कुसळीच्या माळावरून शक्यतो वळवून नेला जातो. सासऱ्यांनाही ते ठाऊक होते. त्यांनी मला विचारले होते ते खाण्याबद्दल, आणि मी उत्तर दिले तेही खाण्याबद्दल. लांब केसांचा शहरी कुत्रा माळावर पळेल तेव्हा काय होईल, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला नाही. त्यांच्या आयुष्यात कुत्रा म्हणजे आखूड केसांचा राखणदार होता, ज्याच्या अंगाला कुसळ चिकटले तरी तो दातांनी उपटून टाकी.

बंड्याची जखम सलाइनने धुऊन, मुद्दाम न शिवता, आतून भरून येऊ दिली. १२ जानेवारी २०२३ रोजी ती पूर्ण मिटली होती आणि तो चारही पायांवर सरळ चालत होता. डिसेंबरपासून त्याला माळावर नेणे बंद केले होते.

गंजीतले कुसळ

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा आला, डोके एका बाजूला झुकवून, डावा कान जोरजोराने झाडत. माळावर तो सात आठवडे फिरकलाच नव्हता. कानात दुर्बिणीने पाहिले तर पडद्यापासून जेमतेम तीन-चार मिलिमीटरवर एक कुसळ, शेपटीसह, टोक आतल्या दिशेला करून रुतलेले होते. पडदा शाबूत होता. ते काढायला दोन मिनिटे लागली, पण ते आले कुठून हे शोधायला मला त्यांच्या घरी जावे लागले.

गोठ्यालगत डोंगरी गवताची गंज होती, नोव्हेंबरच्या मध्यात कापून रचलेली. थंडीत बंड्या तिच्या पायथ्याशी खळगा करून झोपत असे. मी खळग्यातली मूठभर वैरण उचलली तेव्हा माझ्या स्वेटरच्या बाहीला सहा कुसळे लागली. वाळलेल्या गंजीत कुसळाचे टोक बोथट होत नाही आणि शेपटीही ओलावा ओळखायचे थांबवत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते तसेच राहू शकते. डिसेंबरमध्ये मी “माळावर नेऊ नका” असे सांगितले होते, आणि गवत माळावरून घरी आलेले आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पुढच्या हंगामाची व्यवस्था

मार्चमध्ये आम्ही चौघांनी त्यांच्या ओट्यावर बसून वर्षभराचे ठरवले. घराभोवतीचे आणि बांधावरचे गवत तुरा धरण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापायचे. यात गाईंचाही फायदा होता, कारण तुरा आल्यावर गवतातली प्रथिने झपाट्याने घटतात आणि काडी लाकडासारखी होते. फुलोऱ्यापूर्वी कापलेले गवत वजनाला कमी भरते, पण पोषणाला सरस असते. सासऱ्यांना वजनाची चिंता होती. त्यांनी गाईंपुरते डोंगरी गवत नेहमीप्रमाणे उशिरा कापायचे, पण कुसळ झडून गेल्यावर, आणि त्याची गंज कुंपणाच्या आत रचायची असे मान्य केले. बंड्याला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गोणपाटाचे अंथरूण मिळाले.

सप्टेंबरच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत बंड्याला माळाऐवजी डांबरी रस्त्याने फिरवायचे, हे मुलाने स्वीकारले. त्याच काळात बोटांच्या बेचकीतले, तळपायाचे आणि कानाच्या आतल्या बाजूचे केस दर तीन आठवड्यांनी अगदी आखूड कापायचे. फिरून आल्यावर हाताने तपासायच्या जागाही सुनेने पाठ केल्या: चारही पंजांच्या बेचक्या, काखा, जांघा, शेपटीखाली, कान आणि पापण्या. डोळ्याबाबत मी विशेष आग्रह धरला. तिसऱ्या पापणीमागे शिरलेले कुसळ बाहेरून दिसत नाही. कुत्रा किंवा मांजर एक डोळा घट्ट मिटून घेते एवढेच दिसते, आणि दोन दिवस थांबले तर बुबुळावर व्रण पडतो. एकाच बाजूचे अचानक सुरू झालेले लक्षण, मग ते डोळ्याचे असो, कानाचे असो की नाकाचे, त्याच दिवशी दाखवायचे. औषधाने बरी होऊन परतणारी सूजही तशीच. पहिल्या भेटीतच “हा माळावर गेला होता, गंजीत झोपला होता” असे डॉक्टरांना सांगायचे, तो डॉक्टर मी असलो तरी.

चिंगीसाठी सुनेने स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत गहू पेरला. नवरात्रात घटात पेरतात तसाच, पण घटात सप्तधान्य मिसळतात तसे इथे मिसळू नये आणि विशेषतः ज्वारी तर अजिबात नको, हे मी दोनदा सांगितले. गव्हाचे कोवळे पाते मऊ असते. ते वितभर होण्याआधी आणि राठ पडण्याआधी कापून नवे पेरायचे. गवती चहाची कुंडी मात्र तिने तिथून हलवली, कारण त्यातल्या तेलाने मांजराचे आणि कुत्र्याचेही पोट बिघडू शकते.

माझ्या दवाखान्याच्या नोंदवहीतही एक बदल झाला. गवत, चारा किंवा झाडपाला याविषयी कोणी विचारले की आता मी फवारणी आणि गोचीड यांच्यानंतर तीन गोष्टी लिहून घेतो: सध्या त्या गवताला तुरा आहे का, प्राण्याचे केस किती लांब आहेत, आणि तो झोपतो कुठे. २०२३ च्या सप्टेंबरात सासरे स्वतः आले तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूठ होती. पुरंदरात त्या वर्षी पाऊस फार कमी झाला होता, गवत गुडघ्याच्याही खालीच राहिले होते आणि तुरा धरायला लागला होता. त्यांनी एक तुरा माझ्या तळहातावर ठेवला. शेपट्या अजून हिरव्या, मऊ, पीळ न बसलेल्या होत्या. टोकाला नखाने दाबले तर ते वाकत होते. आठवडाभर अजून हाती आहे, असे मी म्हणालो. ते दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन बांधावर उतरले.

त्या हिवाळ्यात बंड्याच्या पंजावर केस न उगवलेला, बोटाच्या पेराएवढा पांढरट वण तेवढा होता. नवे कुसळ सापडले ते एकदाच, कापलेल्या केसांच्या बुंध्यात, कातडीत शिरण्याआधी. सुनेने ते काढून काडेपेटीत घालून माझ्याकडे पाठवले.